मऊ खेकड्यांचा वकील

एका खाडीच्या काठी, चिखलाच्या खाजणात खेकड्यांचं राज्य होतं आणि त्या राज्यात दुसऱ्याच्या दारात उभं राहणं हे सर्वांत मानाचं काम होतं.

त्याचं कारण साधं आहे. खेकड्याचं अंग वाढतं, पण पाठीवरचं कवच वाढत नाही. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येकाला जुन्या कवचातून निघावं लागतं, आणि नवं कडक होईपर्यंत आठ-दहा दिवस अंग लोण्यासारखं मऊ राहतं. त्या दिवसांत बोटभर मासासुद्धा लचका तोडून जाईल. तेव्हा कवच टाकणाऱ्यानं बिळात शिरायचं आणि दुसऱ्यानं बिळाच्या तोंडाशी उभं राहायचं. पाठ आत, तोंड बाहेर, नांग्या उगारलेल्या. आज तू माझ्या दारात, उद्या मी तुझ्या. पुढे राज्य वाढलं, ज्याला त्याला आपापली कामं झाली, तेव्हा एवढ्यासाठी वेगळे राखणे नेमण्यात आले. त्यांना पहिला घास, उंचवट्यावरची बिळं, आणि ते समोरून आले की इतरांनी वाट सोडायची. इतका मान रोज मिळाला तर भल्याभल्यांचं डोकं फिरतं, हे कुणीतरी तेव्हाच बोलायला हवं होतं.

एका वर्षी निम्मं राज्य एकाच पंधरवड्यात मऊ झालं. कारभार बघणारे पंचसुद्धा त्यात होते. एके सकाळी राखणे दारातल्या दारात उलटे वळले. आता तोंड आत आणि पाठ बाहेर. दहा दिवसांनी लोक बाहेर यायला लागले, तर राखणे म्हणाले, थांबा, तुम्ही अजून मऊ आहात. वीस दिवसांनी तेच. महिन्यानं तेच. कोण कडक झालं आणि कोण नाही हे तपासायला त्यांनी थोरल्या राखण्याच्या हाताखाली एक मंडळ नेमलं, आणि त्या मंडळाला राखण्यांखेरीज एकही कडक खेकडा आजवर सापडलेला नाही.

काही जण मागच्या बाजूनं चिखल उकरून निसटले आणि अर्ध्याकच्च्या अंगानं राखण्यांच्या सांध्यांत चावे घेऊ लागले. राखणे त्यांना ‘कच्चे’ म्हणत. ते स्वतःला काय म्हणत, ते खाजणाच्या कुठल्या भागात विचाराल त्यावर होतं. एकूण काय, सुरू झालं. राखण्यांनी मग उरलेल्या बिळांची तोंडं ओल्या मातीनं लिंपायला घेतली, म्हणजे दारात उभं राहण्याचेही कष्ट नकोत.

भानबाला हे सगळं लांबून कळलं. भानबा हा त्या राज्याचा वकील. वकील म्हणजे कज्जे लढवणारा नव्हे. परक्यांच्या दरबारात आपल्या राज्याच्या वतीनं बसतो तो. खाडीच्या मधोमध ओहोटीला एक काळं खडप उघडं पडे आणि त्यावर खाडीतल्या सगळ्या सत्तांची सभा भरे. प्रत्येक राज्याला तिथे बसायला दगडातली एकेक खळगी दिलेली होती. खेकड्यांच्या खळगीत भानबा सहा वर्षं बसला होता. स्वभावानं सालस, बोलायला गुळमुळीत, कुणाचं मन न दुखवता उठून येणारा. अशी माणसं चांगल्या दिवसांत उत्तम वकील होतात. त्याची एकुलती एक लेक, येसू, खाजणातच होती. आणि ज्या आठवड्यात राखणे वळले त्याच आठवड्यात तिनं कवच टाकलं होतं.

खाजणातली बातमी शंखीमावशी आणायची. ती पाठीवर शंख घेऊन हिंडणारी. घर बरोबरच असल्यामुळे तिला कुणी आपली म्हणत नसे आणि कुणी अडवतही नसे. अष्टमीच्या सकाळी ती खडपावर चढून आली आणि धापा टाकत बसली.

"येसूचं बीळ?" भानबानं विचारलं.

"लिंपलंय. पण कान लावला मी. आतून टकटक येते. पोर जिवंत आहे." शंखीमावशीनं थोडा दम घेतला. "आता नीट ऐक. पौर्णिमेचं उधाण आलं की लिंपलेल्या बिळांवर गाळ बसणार. मग तुझा आजोबा आला तरी ती दारं उघडायची नाहीत. बाहेरचे मऊ लोक म्हणतात, एका ओहोटीपुरते बगळे चिखलावर उतरू नयेत, एवढं वकिलानं करावं. राखण्यांशी आमचं आम्ही बघून घेऊ. दारं फोडतो, आतल्यांना पलीकडच्या तिवरांच्या रानात नेतो. राखण्यांच्या कवचावर चोच चालत नाही रे, आमच्या अंगावर चालते."

"आणि हे बाहेरचे लोक, ते आहेत कसे?"

"काही चांगले आहेत. उत्तरेकडे त्यांनी काही बिळं सोडवली. आता त्या बिळांच्या दारात त्यांचेच लोक उभे आहेत."

"तोंड कुठे करून?"

"ते मला लांबून नीट दिसलं नाही," शंखीमावशी म्हणाली. भानबाला वाटलं होतं की निदान एवढं तरी स्पष्ट असेल.

तरी मागणं सोपं होतं. एक ओहोटी, आणि बगळे नकोत. त्याच सकाळी त्यानं ते सभेत मांडलं.

बगळ्यांचे वकील धवलपंत एका पायावर उभे राहून ऐकत होते. त्यांनी मान लवून उत्तर दिलं. "मऊ खेकड्यांविषयी आम्हां बगळ्यांना पहिल्यापासून जिव्हाळा आहे. त्यांचं दुःख आम्ही जितकं जवळून पाहिलं, तितकं या सभेत दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल." यातला शब्द न् शब्द खरा होता. भानबाला कळेना, आभार मानावेत की काय. त्यानं मानले.

सभेचा अध्यक्ष ऊद, म्हणजे पाणमांजर, अंग वाळवत पडला होता. राखण्यांनी ओहळातले मासे त्याच्याकडे हाकलून द्यायचं कबूल केलंय, असं शंखीमावशी म्हणायची. "खाडीला स्वस्थता हवी," ऊद म्हणाला. "राखणे कडक आहेत, कबूल. पण कडक असेल त्याच्याशी बोलता तरी येतं. मऊ म्हणजे नक्की कोण? आज मऊ, उद्या तेही कडक होणार. मग आम्ही कुणाची बाजू घेतली होती, असं सांगायचं?"

घारबाई उंचावरून बघणाऱ्या, म्हणून त्यांचं मत निःपक्षपाती धरलं जाई. त्या म्हणाल्या, "मी रोज घिरट्या घालून पाहते. प्रामाणिकपणे सांगू का? हे लोक आडवे चालतात. त्यामुळे कोण कुणावर चालून जातोय आणि कोण कुणापासून पळतोय, हेच वरून समजत नाही."

"खेकड्यांचं असंच," मागून कुणीतरी म्हणालं. "एकमेकांचे पाय ओढायचे. आपल्या आजोबांच्या काळापासून ऐकतोय." यावर बऱ्याच माना डोलल्या आणि भरती आली, म्हणून सभा उठली.

दुसऱ्या दिवशीची ओहोटी, याला युद्ध म्हणायचं की आपसातली खडखड, यावर गेली. तिसऱ्या दिवशी, बाहेर पडलेल्यांना काय म्हणायचं, यावर. ‘बंडखोर’ म्हटलं तर ज्याच्याविरुद्ध बंड तो राजा ठरतो, ‘पीडित’ म्हटलं तर त्यांनी चावे का घेतले, असा प्रश्न येतो. शेवटी ‘संबंधित मऊ घटक’ यावर एकमत झालं. भानबा प्रत्येक वेळी नांगी वर करून म्हणे, "ते नाव काहीही द्या, पण ती एक ओहोटी." आणि ऊद म्हणे, "त्यावरच येतोय."

एकादशीला आणखी घोळ झाला. खाजणातून दोन नवे वकील एकदमच खडपावर चढले. एक राखण्यांनी पाठवलेला, कवच घासूनपुसून चकचकीत केलेला. तो म्हणाला, भानबाला काढून टाकलं आहे. दुसरी चिखलानं माखलेली, तीन पाय वाटेतच गमावून आलेली. ती म्हणाली, भानबाला ठेवा अथवा ठेवू नका, पण तो आमचा म्हणून बोलणार असेल तर आधी आम्हाला विचारून बोलू दे. दोघांनाही भानबा होता तसा नको होता, म्हणूनच बहुधा सभेला तो एकदम आवडू लागला. ठरलं असं की वादाचा निकाल लागेपर्यंत जुनाच वकील खळगीत राहील. त्यानं तिथून हलायचं मात्र नाही. कारण खळगी रिकामी दिसली की ती चकचकीत कवचवाल्याला द्यावी लागेल, नियमच तसा आहे. निर्णय ऐकून पाय गमावलेली बाई पाण्यात उतरली. ती खाजणात पोचली की नाही, ते कुणी पाहिलं नाही.

आता भानबा तिथे नेमका कुणाच्या वतीनं बसला होता? ज्या पंचांनी त्याला पाठवलं ते मातीखाली. राखणे म्हणत, तू आमचा नव्हेस. बाहेरचे म्हणत, तू आमचा आहेस पण बोलतोस त्यांच्यासारखा. उठून येसूकडे जावं तर खळगी राखण्यांच्या घशात जाणार. बसून राहावं तर पौर्णिमा काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. त्याला भीती वाटत होती, आणि आपण नेमके कशाला भितो आहोत हेही त्याला धड सांगता आलं नसतं. येसूची टकटक आता किती मंद झाली असेल, एवढंच तो सारखं मोजू पाहायचा.

तेरशीला एकदाचा ठराव आला. ऊदानं तो घसा साफ करून वाचला. खाजणातल्या मऊ घटकांसाठी एक पूर्ण ओहोटी बगळे उतरणार नाहीत. भानबाच्या डोळ्यांचे देठ ताठ उभे राहिले. ती ओहोटी, ऊद पुढे वाचू लागला, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची राहील, कारण उधाणाच्या धामधुमीत बंदोबस्त जमणार नाही. वरातीमागून घोडं, म्हणतात ते हेच. शिवाय त्याआधी, बिळांत खरोखर कुणी मऊ आहे का, याची पाहणी व्हावी. पाहणीला चिखलात चालता येईल असे लांब पाय लागतात. तेव्हा ती धवलपंतांच्या मंडळींनी करावी.

"पण पाहणीला तेच उतरले तर—" भानबा म्हणाला.

"केवळ पाहणीला," धवलपंत म्हणाले.

"आणि ओहोटी उधाणाच्या आधी हवी. नंतर तिचा काय उपयोग?"

ऊद उठून बसला. "हे बघा भानबा, खाजणाबाबतचा ठराव खाजणाच्या वकिलाच्या संमतीखेरीज होत नाही. आम्ही तुमचा एवढा मान राखतो. नांगी वर करा, म्हणजे संपलं."

भानबानं नांग्या पोटाशी आवळून घेतल्या. सहा वर्षांत तो पहिल्यांदाच कुणाला नाही म्हणत होता. सभेत कुजबूज झाली. अहो, याच्याच लोकांसाठी सगळे एवढे झिजतायत आणि हाच अडवतोय. घारबाई तर उघडच म्हणाल्या, यांना मिटवायचंच नसावं.

चतुर्दशीच्या सकाळी त्याच्या पाठीत कळ आली. कवच आणि पोट जिथे जुळतं त्या रेषेवर आधी खाज, मग ताण, मग आतून कुणी ढकलतंय असं वाटणारी ती ओळखीची कळ. त्याची वेळ भरली होती. काळजीनं म्हणा, उपासानं म्हणा, महिनाभर आधीच. लपवण्यात अर्थ नव्हता, कारण मऊ झालेल्या वकिलाला संरक्षण द्यावं असा सभेचा नियम होता. त्यानं खालमानेनं सांगितलं की माझं कवच सुटणार आहे, आणि माझ्या दारात उभं राहायला इथे माझं कुणी नाही.

मग धवलपंत पुढे झाले. "असं कसं म्हणता? मी स्वतः उभा राहीन."

"छे, अध्यक्ष म्हणून ते माझं काम," ऊद म्हणाला आणि ओठांवरून जीभ फिरवली.

"मी वरून लक्ष ठेवीन," घारबाई म्हणाल्या.

चकचकीत कवचवालाही पाण्याच्या कडेला ताटकळत होताच. तो म्हणाला, "दारात उभं राहण्याचा आमच्याइतका अनुभव कुणाला आहे?"

भानबानं चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं. चौघांच्याही चेहऱ्यावर काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. इतके दिवस त्याला कळत नव्हतं की यांतलं कोण आपल्या बाजूचं आहे. आताही सगळं कळलं असं नाही. पण आपल्या दारात यांपैकी एकालाही उभं करायचं नाही, एवढं मात्र त्याला आतून कळलं. विचार करून संध्याकाळी सांगतो, असं तो म्हणाला आणि चढत्या पाण्याबरोबर सभा पांगली.

दुपारच्या भरतीत, पाण्याखाली, खळगीत बसल्या बसल्या त्यानं कवच सोडलं. मागून फट पडली आणि तो तिच्यातून उलटा निघाला. आधी धड, मग एकेक पाय, शेवटी नांग्या, हातमोज्यातून हात काढावेत तशा. जुनं कवच खळगीत होतं तसंच बसून राहिलं, पायांसकट, डोळ्यांच्या देठांसकट. त्यानं ते दगडाच्या कपारीत नीट रेटून बसवलं. खळगी रिकामी दिसायला नको होती. मग तो पाण्यावर अंग सोडून खाजणाकडे वाहत निघाला. मऊ अंगाला पाण्यातला बारीक वाळूचा कणही टोचत होता, आणि तरी महिन्याभरात त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

संध्याकाळची ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, तेव्हा तो येसूच्या बिळापाशी पोचला होता. राखणे उंचवट्यावर होते. पौर्णिमा तोंडावर आली म्हटल्यावर लिंपलेल्या दारांकडे कोण कशाला बघतोय? त्यानं मातीला अंग लावलं. आतून टकटक आली. मंद, पण आली.

"येसू, मी आहे गं."

"बाबा? तुम्ही तर खडपावर."

"नाही. इथे." तो लिंपण उकरायला लागला. नांग्या पिठाच्या असाव्यात तशा वाकत होत्या. लिंपणाच्या खपल्या निघत होत्या, पण फार थोड्या.

बाजूच्या तिवराच्या मुळांतून एक खेकडी सरकत आली. एक नांगी तुटलेली, पाठ अर्धीकच्ची. चांगुणा तिचं नाव, बाहेर पडलेल्यांपैकी. "कोण रे तू? कुठल्या बाजूचा?"

"मी भानबा. वकील."

तिनं त्याला न्याहाळलं आणि दूर खडपाकडे नांगी केली. "थापा मारू नकोस. वकील तो बघ तिथे बसलाय. महिनाभर जागचा हललेला नाही."

भानबानं वळून पाहिलं. खरंच बसला होता. मावळतीच्या उजेडात पाठ रुंद आणि चांगली कडक दिसत होती. सभा भरलेली होती, ऊद काहीतरी वाचत होता, धवलपंत त्या पाठीपुढे मान लववून उभे होते. क्षणभर भानबालाच कळेना, खरा कोणता.

"तू कुणीही अस," चांगुणा म्हणाली, "आत तुझं माणूस आहे ना? मग सरक." तिची उरलेली नांगी कडक होती. तिनं लिंपणाची कड पकडून खेचली. एक ढेकूळ निघालं, मग दुसरं. आतल्या काळोखातून येसूचा एक पाय बाहेर आला, आणि भानबानं तो आपल्या मऊ नांगीत धरला. रडू आलं त्याला, आणि त्यानं ते आवरलं नाही.

तेवढ्यात खडपावर गलका झाला. ओहोटी सरून पाणी परत फिरत होतं, आणि एक बारीकशी लाट खळगीत शिरली होती. खळगीतल्या वकिलाची उजवी नांगी हलली, हळूहळू वर आली आणि कपारीला अडकून वरच राहिली. ऊदाचा खणखणीत आवाज चिखलावरून पार इथपर्यंत आला. "सर्वानुमते."

"बघितलंस?" चांगुणा हरखून म्हणाली. "आपल्या वकिलानं नांगी वर केली. काहीतरी झालं बाबा एकदाचं आपलं काम."

धवलपंतांनी पंख उघडले. त्यांच्या मागोमाग तिवरांच्या शेंड्यांवरचे बाकीचेही उठले; दहा, वीस, मग मोजता येईनात इतके, ओळ न मोडता, अगदी शिस्तीत. भानबानं येसूचा पाय परत आत ढकलला आणि स्वतः बिळाच्या तोंडात शिरून बसला, नांग्या उगारून. त्या वाऱ्यानंही लवत होत्या.

"आत ये चांगुणा," तो म्हणाला. "लवकर."

पण तिचं लक्ष खडपाकडेच होतं. तिच्या अर्ध्याकच्च्या पाठीवर पहिली सावली पडली तरी ती तिकडेच बघत होती.

"अजून वरच आहे बघ त्याची नांगी," ती म्हणाली.